रखडलेली पंगत आणि आमचे फोन

तुम्ही नोकरी काय करत होतात, असं कुणी विचारलं की मी सांगते, शिव्या खायची. समोरचा हसतो. मग मी सांगते, खरंच, त्याचाच पगार मिळायचा आणि दिवाळीला बोनससुद्धा.

उल्हासनगरला कॅम्प नंबर चारमध्ये मिक्सर, इस्त्र्या आणि पंख्यांचं एक सर्व्हिस सेंटर होतं. आतल्या खोलीत मेकॅनिक बसायचे आणि बाहेर काउंटरवर मी. मेकॅनिकच्या वाट्याला बिघडलेली वस्तू यायची, माझ्या वाट्याला बिघडलेला माणूस. यातला माणूस आधी दुरुस्त करावा लागतो. नाहीतर वस्तू ठणठणीत झाली तरी तो भांडतच घरी जातो.

मी मूळची बदलापूर गावातली, भोईरांची विजया. आमच्या घरात सगळे शेतीवर. उल्हासनगरला नोकरीला जाणारी मी घरातली पहिली बाई. बाबा गावात सांगायचे, "पोरगी मशिनी इकते." मी किती वेळा सांगितलं, की बाबा, मी विकत नाही, विकलेल्यांच्या तक्रारी ऐकते. तक्रार ऐकायचे कुणी पैसे देतं, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं, तक्रार म्हणजे तक्रार. तसं नसतं. ओरडत येणारा माणूस सगळ्यात सोपा. त्याला ओरडून होऊ द्यायचं, मध्ये एक शब्द बोलायचा नाही, पाणी पुढे सरकवायचं. तो आपोआप खुर्चीवर येतो. दुसरा प्रकार बसणाऱ्याचा. तो आवाज चढवत नाही, नुसता बसून राहतो. त्याला उत्तर दिल्याशिवाय दुकान बंद करता येत नाही. तिसरा माणूस मात्र काही न बोलता निघून जातो. त्याला मी घाबरायचे. तो परत येत नाही, आणि आपलं काय चुकलं हे आपल्याला कधी कळत नाही.

आणि काही वेळा तक्रार बोलली जाते एक आणि असते भलतीच. लाजवंती आंटी नावाची एक सिंधी बाई नवा मिक्सर घेऊन आमच्याकडे परत परत यायची. "ये खराब है," एवढंच सांगायची. मेकॅनिक लावून बघायचे, मिक्सर मस्त चालायचा. ती घेऊन जायची आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा हजर. मेकॅनिक तिला पाहिलं की आत पळायला लागले. शेवटी मी तिला आत नेऊन बसवलं, चहा मागवला आणि विचारलं, "आंटी, ये घर में कब चलाते हो?"

तेव्हा तिने सांगितलं. सकाळी ती चटणी वाटायची. अंकलना ऐकू कमी यायचं. पण जुन्या मिक्सरची घरघर एवढी होती की ती त्यांच्या कानात शिरायची, आणि ते उठून नाश्त्याला यायचे. नवा मिक्सर कमी आवाजाचा. "मैं बुलाती हूँ तो नहीं सुनते," ती म्हणाली, "मेरी कब सुनी है. मिक्सर की सुनते थे."

तिचा जुना मिक्सर आमच्याकडेच भंगारात पडला होता. आम्ही त्याची मोटर नवी वायर घालून बांधली, डबा पुसून तिला दिला. लावल्याबरोबर शेजारच्या दुकानातला माणूस काय झालं म्हणून बघायला आला. आंटी खूश. पुढच्या आठवड्यात अंकल स्वतः आले, कागदात गुंडाळलेली गरम कोकी घेऊन. कोकी म्हणजे सिंधी लोकांची कांदा घातलेली जाड पोळी. मी त्यांना मोठ्याने विचारलं, आवाज बरोबर आहे ना? त्यांनी मान डोलावली. मला काय विचारलं ते त्यांना कळलं असेल असं वाटत नाही.

आमचे मालक हरेशभाई. त्यांच्याकडून मी या धंद्यातली सगळ्यात मोठी गोष्ट शिकले. एकदा एका लॉटमधल्या मिक्सरचे कपलर कच्चे निघाले. कपलर म्हणजे भांड्याखालची ती रबरी चकती, जी मोटरचा जोर पात्यापर्यंत नेते. ती झिजली की मोटर नुसतीच फिरते आणि चटणी जागच्या जागी. कंपनी वरून सांगत होती, गप्प बसा, जो येईल त्याला बदलून द्या. हरेशभाईंनी माझ्यासमोर फोन ठेवला आणि म्हणाले, "दीदी, सबको फोन लगाओ. ग्राहक के आने से पहले अपन बोलेगा, तो वो अपने को चाय पिलायेगा. वो पहले आयेगा, तो चाय अपने को पिलानी पड़ेगी. वो भी ठंडी करके पियेगा."

मी फोन केले. बहुतेकांचा मिक्सर अजून बिघडलेलाही नव्हता. एक बाई म्हणाली, "माझा चांगला चाललाय, तुम्ही कशाला बिघडवताय?" पण त्या लॉटवरून आमच्या काउंटरवर एकही भांडण झालं नाही.

हे सगळं सांगितलं, कारण पुढे जे झालं ते मी निवृत्त झाल्यावर झालं, आणि ते मिक्सरचं नव्हतं.

आमची जमीन गेली तिथे बिल्डिंग उभी राहिली. जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या फ्लॅटमध्ये आता मी राहते. ज्या जागी लहानपणी गुडघाभर चिखलात भात लावला, तिथे तिसऱ्या मजल्यावर लादीवर झोपते. शेजारच्या फ्लॅटमध्ये शोभाताई, त्यांचा मुलगा निहार आणि धाकटी केतकी. केतकी चित्रं काढायची, निहार कॉम्प्युटरवर काम करायचा. दोघांनी मिळून एक खेळ तयार केला होता. पुठ्ठ्याचा पट, पत्ते, वाढायच्या पदार्थांच्या लाकडी सोंगट्या असा घरात बसून खेळायचा. नाव ‘पंगत’.

खेळ असा, की गावजेवण आहे आणि खेळणारे सगळे वाढपी. प्रत्येक पत्त्यावर एक पाहुणा. एकाला मठ्ठाच हवा, एकाला गोड चालत नाही, एक जावई मान मिळाला नाही म्हणून पाटावर बसायला तयार नाही. अन्न संपायच्या आत सगळ्यांचं पोट भरलं तर खेळणारे सगळे जिंकले. एक जरी उपाशी उठला तर सगळे हरले. केतकीने काढलेले पाहुणे बघूनच हसू यायचं. त्यातली जाड भिंगाची एक आत्या डिट्टो माझ्यासारखी दिसते. मी विचारलं तर म्हणाली, योगायोग आहे.

एवढा खेळ छापायला पैसा हवा. तो त्यांनी इंटरनेटवर वर्गणीने उभा केला. गणपतीची वर्गणी आपण देतो तसंच, फक्त इथे पावतीऐवजी वस्तू मिळायची असते. एका साइटवर खेळाची चित्रं टाकायची, लोकांनी आवडलं तर आधी पैसे द्यायचे, आणि पुरेसे जमले की वस्तू बनवून प्रत्येकाच्या घरी पाठवायची. महाराष्ट्रभरातून शेकडो लोकांनी पैसे दिले. त्या दिवशी शोभाताईंनी अख्ख्या मजल्याला पेढे वाटले.

मग गाडी अडकली. पत्ते छापून आले आणि त्यांच्या हॉलमध्ये खोक्यांची भिंत झाली. पट, डबा आणि सोंगट्यांसाठी परराज्यातल्या एका कारखान्याला मोठी रक्कम आगाऊ दिली होती. तो कारखाना बंद पडला. मालक फोन उचलेना. पैसे तिथेच बुडाले. ही गोष्ट मला तेव्हा माहीत नव्हती. कुणालाच नव्हती, कारण पोरांनी ती कुणाला सांगितलीच नाही. साइटवर आधी दर आठवड्याला काही ना काही लिहायचे, मग महिन्याने, मग बंद. खाली लोक लिहीत होते: कुठे आहे खेळ, उत्तर द्या, चोर आहात.

मला कळलं ते एका सकाळी दार उघडल्यावर. समोरच्या पॅसेजमध्ये घडीची खुर्ची टाकून एक गृहस्थ बसले होते. मांडीवर डबा, बाजूला पाण्याची बाटली. शोभाताई दाराच्या फटीतून माझ्याकडे बघत होत्या, चेहरा पांढरा पडलेला.

"कोण हवंय आपल्याला?" मी विचारलं.

"मी सावंत. अंबरनाथहून आलो," ते म्हणाले. "या घरातल्या मुलांनी माझे पैसे घेतलेत खेळासाठी. मी भांडायला आलेलो नाही. भांडलो तर माझंच डोकं दुखतं. उत्तर मिळेपर्यंत बसणार आहे."

मला आतून हसू आलं. नोकरी सुटून इतका काळ झाला होता, आणि बसणारा ग्राहक थेट माझ्या दारात आला होता. मी म्हटलं, "चहा घेणार?"

"घेईन. पण चहा म्हणजे उत्तर नव्हे."

चहा देऊन मी शेजारी शिरले. दोघं आतल्या खोलीत, दार लावून. केतकी पलंगावर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. निहार खिडकीशी उभा.

"काकू, त्यांना सांगा आम्ही गावाला गेलोय," तो म्हणाला.

"ते खुर्ची घेऊन आलेत. गावाहून येईपर्यंत बसतील."

मग त्याने मला सगळं सांगितलं. कारखाना, बुडालेले पैसे, सगळं. "आम्ही चोरी नाही केली, काकू. आमच्यासुद्धा पोटावर पाय आलाय. साइटच्या नियमात स्पष्ट लिहिलंय, की अशा प्रकल्पात जोखीम देणाऱ्याची. आणि आता सांगणार काय? सांगण्यासारखं काहीच नाहीये."

"मग ‘काही नाहीये’ हेच सांग," मी म्हटलं. "चोरी नाही केलीस, मान्य. पण त्या लोकांनी पैसे कारखान्याला नव्हते दिले. तुला आणि हिला दिले. कारखाना त्यांनी बघितलेला नाही, तुमचे चेहरे बघितलेत."

केतकी उठली, ओढणीने तोंड पुसलं आणि दार उघडून बाहेर गेली. निहार तिच्या मागून.

केतकीने कारखान्यापासून सगळं सांगितलं आणि सावंतांनी ते शांतपणे ऐकलं. मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाले, "नियम मी पण वाचलाय. जोखीम माझी, हे मला कबूल. पण त्याच पानावर असंही लिहिलंय, की तुम्ही कळवत राहाल. ती जोखीम माझी नव्हती."



"दिवाळीला माझी मुलं-नातवंडं एकत्र आली होती," सावंत पुढे म्हणाले. "मी त्यांना सांगून ठेवलेलं, की आबांनी एक गंमत मागवलीय. सुट्टी संपेपर्यंत बेल वाजली की पोरं दाराकडे धावायची. दूधवाला आला तरी. तुम्ही एक ओळ लिहिली असतीत ना, की यंदा येत नाही, तर मी त्यांना पत्ते पिसून मेंढीकोट शिकवला असता."

केतकी रडेल असं मला वाटलं, पण ती रडली नाही. म्हणाली, "आबा, पत्ते छापून झालेत. बघणार का?"

पट नव्हता, म्हणून तिने जुन्या कार्डशीटवर पेनाने काढलेला पट आणला. सोंगट्यांच्या जागी शेंगदाणे. सावंत, दोघं भावंडं आणि मी असे पॅसेजमध्येच बसलो. पहिल्या डावात तो रुसका जावई उपाशी उठला आणि आम्ही हरलो. सावंत म्हणाले, "परत." दुसऱ्यात जिलबी कमी पडली. त्यात सावंतांनी दोन शेंगदाणे खाल्ले होते हे निहारने पकडलं. शोभाताई दारातून सूचना देत देत आत सरकल्या आणि तिसऱ्या डावात खेळायलाच बसल्या.

सावंतांनी खुर्ची घडी केली. जाताना म्हणाले, "खेळ झकास आहे." मग जिन्यात थांबून वळले. "पण पैसे द्यायचे आहेत ते आहेतच. खेळ झकास असल्याने ते फिटत नाहीत."

मला तो माणूस तिथेच आवडला.

त्या दुपारी केतकीने साइटवर सगळं खरं लिहून टाकलं. तिला वाटलं, झालं आता. मी म्हटलं, लिहिलंस ते चांगलं केलंस, पण लिहिलेलं वाचणारा वाचतो आणि न वाचणारा चोरच म्हणत राहतो. आता फोन.

"सगळ्यांना?" निहारने विचारलं.

"सगळ्यांनी पैसे दिले ना?"

त्यांच्या जेवणाच्या टेबलावर आम्ही तिघं बसलो. मी त्यांना आमच्या काउंटरची पद्धत शिकवली. नाव सांगायचं, वाईट बातमी पहिल्याच वाक्यात सांगायची, आणि मग समोरच्याचं संपेपर्यंत गप्प बसायचं. ‘पण’ म्हणायचं नाही. निहारला हे फार जड गेलं. पहिल्या फोनवर तो एवढं लांबण लावत होता, की समोरच्या बाईला वाटलं कर्जाचा फोन आहे, आणि तिने कट केला. केतकीने पहिल्याच फोनला कोल्हापूरच्या एका मुलाच्या भरपूर शिव्या ऐकल्या. संपल्यावर ती म्हणाली, "बरोबर आहे तुमचं." मग तो म्हणाला, "सॉरी हं, जरा जास्तच बोललो." पोरीने माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे चमकले. मला माझा पहिला ओरडणारा ग्राहक आठवला, जो शेवटी मलाच रिक्षाने स्टेशनला सोडून गेला होता.

लोक तरी किती तऱ्हेचे. एका गृहस्थांना आपण असे पैसे दिलेत हेच आठवत नव्हतं. ते म्हणाले, "तुम्ही सांगितलंत म्हणून बायकोला कळलं, ती इथेच बसलीय. आता मला वेगळी उत्तरं द्यावी लागतील." एका तरुणाने माझं बोलणं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, तुम्ही खऱ्या आहात की एआय आहात?"

मी म्हटलं, "नाय रं बाबा, बदलापूर गावानली हाय मी. मशीन असते त कंबर कशाला दुखली असती?"

तो एवढा हसला, की त्याने घरातल्यांना बोलावून फोन स्पीकरवर टाकला आणि मला पुन्हा तेच बोलायला लावलं.

प्रत्येकाला आम्ही विचारत होतो, तुम्हाला काय हवंय. बऱ्याच जणांनी पैसे परत मागितले. त्यांना निहारने सांगितलं की मिळतील, पण एकदम नाही मिळणार, नोकरी धरलीय, जसे येतील तसे पाठवीन. काहींना ते आवडलं नाही, आणि आवडायचं कारणही नव्हतं. पण पुष्कळ जण म्हणाले, थांबतो, खेळच पाठवा. आता खेळ कुठून आणायचा हे आम्हाला माहीत नव्हतं. पुठ्ठ्याचा पट आणि डबा करायचा म्हणजे पुन्हा तेवढाच पैसा.

वाट दाखवली ती एका फोननेच. सांगोल्याच्या एका बाई सगळं ऐकून म्हणाल्या, "अगं, पुठ्ठा कशाला लागतोय? आमच्या आजीचा सारीपाट कापडाचा होता. घडी घालून फडताळात ठेवायची. तुमची पंगत कापडावर छापा की. सांडलं-लवंडलं तर धुता पण येईल."

केतकीने फोन ठेवून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "कापड ना? चल उल्हासनगरला."

कॅम्प पाचात जीन्सची कापडं आणि शिलाईची सगळी दुनिया आहे. हरेशभाई आता दुकानात बसत नाहीत, पण त्यांच्या ओळखीने आम्ही गुलशनभाईंकडे गेलो. ते कापडावर छपाई करतात. त्यांनी केतकीचं चित्र बघितलं, एकेका पाहुण्यावर बोट ठेवून हसले आणि विचारलं, "माल एक्सपोर्ट का है?"

"नाही, उशीर झालेला आहे," केतकी म्हणाली.

"सब माल लेट ही होता है, बेटा. बैठो."

जीन्सच्या कारखान्यातून उरलेलं जाड सुती कापड स्वस्तात मिळालं. सोंगट्यांचं कोडं तिथेच सुटलं. गुलशनभाईंच्या टेबलावर जीन्सच्या पितळी बटणांचा ढीग होता. केतकीने एक उचलून पटावर ठेवलं आणि म्हणाली, "लाडू." पिवळंधमक, गोल, मधोमध खळगा. हुबेहूब बुंदीचा लाडू. माझ्या चामटोलीच्या मावसबहिणीने आणि तिच्या जावेने पटांच्या कडा शिवायचं काम घेतलं. डब्याऐवजी नाडीची पिशवी ठरली. तीही त्यांनीच शिवली.

हे सगळं आम्ही लोकांना विचारूनच करत होतो. कापड चालेल का, पिशवी चालेल का. ज्यांना चालणार नव्हतं त्यांचं नाव निहारच्या परत द्यायच्या यादीत जायचं. आता फोन करायला दोघांना माझी गरज उरली नव्हती. मी नुसती चहाला जायचे आणि ऐकत बसायचे. काउंटरच्या मागे उभं राहून दुसऱ्याला काम करताना बघण्यात काय मजा असते, ते मला त्या वयात कळलं.

मग छापलेले पट आले. केतकीने पहिली गठडी सोडली आणि खालीच बसली. पंगतीतली केळीची पानं निळी झाली होती. सगळ्या पटांवर. हिरव्या रंगात काहीतरी चुकलं होतं, आणि गावजेवणाची अख्खी पंगत निळ्याशार पानांवर बसली होती. गुलशनभाई स्वतः आले होते. म्हणाले, पुन्हा छापून देतो, पण कापड संपलंय, वेळ लागेल.

निहारने कपाळावर हात मारून घेतला. "काकू, हे आता लोकांना सांगायचं? चार दिवस थांबू, काही करता येतंय का बघू."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात बघितलं तर केतकीने मोबाईल काढलेला. निळी पंगत जमिनीवर पसरून तिने फोटो काढला आणि तिथेच उभी राहून टाकलाही. खाली लिहिलं: ‘आमच्याकडून पानं निळी झालीत. हिरवी हवी असतील तर थांबावं लागेल, किती ते आत्ता सांगता येत नाही. निळी चालत असतील तर या आठवड्यात पाठवतो. सांगा.’

निहार म्हणाला, "झालं. आता बसा शिव्या ऐकत."

उत्तरं यायला लागली. एकाने लिहिलं, निळीच पाठवा, आमच्याकडे पाहुणेही तसलेच आहेत. कोल्हापूरच्या त्या शिव्या देणाऱ्या मुलाने लिहिलं, हिरवी पानं सगळ्यांकडे असतात. काही जणांनी हिरवीच मागितली, त्यांना ती नंतर मिळाली. सावंतांचा फोन आला. "मी निळी घेतो," ते म्हणाले. "आणि उरलेलं नुकसान काय ते मला सांगत राहा. मला आता सवय लागलीय."

पिशव्या भरायला ते स्वतः आले, नातवंडांना घेऊन. मजल्यावरच्या सगळ्यांनी आपापल्या हॉलमध्ये माणसं घेतली. एका घरी पत्ते लावायचे, दुसऱ्या घरी बटणं मोजायची, तिसऱ्या घरी पट घडी करायचे. शोभाताईंनी सगळ्यांना पुरेल एवढी मिसळ केली, आणि ती कमी पडली, म्हणून पुन्हा केली. निहार सावंतांच्या मोठ्या नातीशी भांडत होता, की रुसक्या जावयाला शेवटी वाढायचं की आधी. ती म्हणत होती, आधी. तो म्हणत होता, माज वाढेल. पोरीचं बरोबर होतं. मी तो खेळ पुष्कळदा खेळलेय.

सगळ्यांचं समाधान झालं असं मी म्हणणार नाही. निहार अजून पैसे फेडतोय, आणि यादीत कोण बाकी आहे ते दर महिन्याला साइटवर लिहितो. काही फोन कधी लागलेच नाहीत. आणि नागपूरच्या एक बाई होत्या. त्यांना मीच फोन केला होता. त्यांनी अगदी गोड आवाजात सांगितलं, "मला खेळ नको, पैसेही नकोत. माझ्या नवऱ्याला दवाखान्यात खेळायला म्हणून घेतला होता. मी तेव्हा तुम्हाला तीनदा लिहून विचारलं होतं, की येईल का. नाही म्हटलं असतंत तरी चाललं असतं. आता ते घरी आलेत, बरे आहेत. पण मला ती पिशवी घरात नको." मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "ठीक आहे," आणि फोन ठेवला. केतकीला मी हे जसंच्या तसं सांगितलं. तिने त्या बाईंना काही पाठवलं नाही, कारण त्यांनी नको म्हटलं होतं. पण त्या दिवशी ती जेवली नाही.

पार्सलं गेली. नंतरचा आठवडा मला सुना सुना वाटला. मग एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे बसले असताना केतकीचा फोन वाजला. तिने स्पीकरवर घेतला. सांगलीहून एक आजोबा बोलत होते, आवाज तापलेला.

"तुमच्या पिशवीत एक लाडू कमी आहे. आम्ही तीनदा मोजले. खेळ अर्ध्यावर सोडावा लागला. सूनबाई म्हणते मी मोजायला चुकलो, म्हणजे आता मला मोजताही येत नाही. घरात भांडण लागलंय. हे बरोबर नाही."

केतकीने मध्ये तोंड घातलं नाही. आजोबांनी सूनबाईचं सगळं सांगितलं, मग लाडवाचं परत एकदा. त्यांचं झाल्यावर ती म्हणाली, "चूक आमची असेल, आजोबा. मोजताना राहिलं असेल. मी उद्या एक लाडू पाठवते. दोन पाठवते."

फोन ठेवून तिने पाकीट काढलं, पत्ता लिहिला, दोन बटणं आत टाकली. एवढ्यात पुन्हा फोन. तेच आजोबा, आवाज एकदम उतरलेला. पाठीमागून कुणीतरी खदाखदा हसत होतं.

"पोरी, लाडू सापडला. धाकट्याच्या मुठीत होता. गोड आहे का बघत होता म्हणे. मी तक्रार मागे घेतो."

"नका घेऊ," केतकी म्हणाली. "राहू द्या, आजोबा. वस्तू मिळाल्यावर आमच्याकडे आलेली ही पहिली तक्रार आहे."